भावाच्या ड्रमचं कौतुक

माझ्या भावाचं कौतुक करणाऱ्या काही माणसांना मी अजून माफ केलेलं नाही. शिव्या देणाऱ्यांना मी केव्हाच विसरून गेले, त्यांची तोंडंसुद्धा आठवत नाहीत. कौतुक करणारे मात्र एकेक लक्षात आहेत, कोण कुठं बसलं होतं, कुणाच्या हातात चहाचा कप होता, सगळं. म्हातारपणी राग कमी होतो म्हणतात. माझा झालेला नाही आणि तो कमी करायची मला काही घाईही नाही.

तेव्हा आम्ही बिदरला नौबादेत राहत होतो. आई गेल्यापासून घरात तिघंच, अप्पा, मी आणि धाकटा भाऊ. अप्पा गवंडी होते. मी सरकारी मराठी शाळेत मास्तरीण. भाऊ हैदराबादला शिकायला होता आणि सिकंदराबादेत मामाकडं राहायचा. टेपरेकॉर्डर घरोघरी पोचले होते, टीव्ही मात्र गल्लीत एखादाच, असे ते दिवस. मामाच्या शेजारी चर्चमध्ये ड्रम वाजवणारा एक म्हातारा राहायचा. भाऊ त्याच्या मागं लागला. म्हाताऱ्यानं त्याला वर्षभर ड्रमला हात लावू दिला नाही, नुसत्या उशीवर काड्या मारायला लावल्या. सुट्टीत घरी आला की हा उशी मांडीवर घेऊन बसायचा आणि तोंडानं इंग्रजीत आकडे मोजायचा. आमच्या दोन उशा फाटल्या. त्याच्या बोटांना फोड यायचे, ते फुटायचे, त्यावर पुन्हा फोड यायचे. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून सांगते.

मग कॉलेजातल्या तीन पोरांबरोबर त्यानं बँड काढला. एक गाणारा, दोन गिटारवाले आणि हा. गाणी सगळी इंग्रजी. बिदरच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरांनी त्यांना आपल्या गॅदरिंगला बोलावलं.

कार्यक्रम उघड्या मैदानावर होता. वेळ दुपारी चारची ठेवली, कारण संध्याकाळी करंट जायचा आणि जनरेटरवर कुणाचा भरवसा नव्हता. दोन ट्रॉल्या जोडून स्टेज केलं होतं. लाल मुरमाचं मैदान, वारा सुटलेला, सगळ्यांच्या केसांवर लाल धूळ. पुढं खुर्च्यांवर प्रोफेसर लोक, एका बाजूला बायकांच्या खुर्च्या आणि मागच्या खुर्च्यांवर सगळी पोरं, डोक्याला रुमाल बांधून. मी आमच्या शेजारच्या कन्नड अक्कांना बरोबर घेऊन गेले होते. गाण्यातला एक शब्द कळेल तर शपथ. पण छातीत धडधड व्हायची ते कळत होतं.

तिसऱ्या की चौथ्या गाण्याला करंट गेलाच. माइक बंद, दोन्ही गिटारी बंद. जनरेटर खोकला आणि गप्प झाला. गाणाऱ्या पोराचं तोंड नुसतं हलताना दिसलं, मग तो ओशाळून थांबला. ड्रमला मात्र करंट लागत नाही. माझा भाऊ थांबला नाही. मागं बाकीच्यांच्या आड बसलेला होता, इतका वेळ त्याचं नुसतं डोकं आणि कोपरं दिसत होती. आता सगळं मैदान त्याच्याकडं बघायला लागलं. दोन हात, दोन पाय, चौघांचं काम वेगळं, आणि तोंड किंचित उघडं, लहानपणी अवघड गणित सोडवताना असायचं तसं. तो वाजवत राहिला. पोरं खुर्च्यांवर चढली. प्रोफेसर मंडळींनी आधी मागं वळून पोरांकडं रागानं पाहिलं आणि मग स्वतःच टाळ्यांचा ठेका धरला. अक्कांनी माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले. करंट येईपर्यंत तो एकटा त्या मैदानाला पुरला. मी रडले. आनंदानं रडले, दुसरं काही कारण नव्हतं.

अप्पा आले नव्हते. त्यांनी सांगितलं, काम आहे. काम नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बिदरमध्ये दुसरा विषय नव्हता. शाळेत जाताना कोपऱ्यावरच्या हॉटेलात पोरं टेबलावर चमचे बडवत होती, आणि मालक त्यांना शिव्या द्यायच्या ऐवजी स्वतःच बरणीवर ताल धरून बसला होता. पुढं शिंप्यानं मशीन थांबवून मला हाक मारली, थोरल्या बहिणीला तो बाजी म्हणायचा. "क्या बजाया बाजी तुम्हारा भाई. कलेजा हिल गया. नक्को पूछो." कुणी म्हणालं, गाणाऱ्याचे केस बघायचे होते. कुणी म्हणालं, करंट मुद्दाम घालवला होता, तो पण प्रोग्रामातलाच भाग. दोघंजण त्यावरून हातघाईवर आले. अक्का पाण्याच्या नळावर सगळ्या बायकांना हातवारे करून दाखवत होत्या, आणि जी बाई आलीच नव्हती ती सगळ्यात जास्त सांगत होती. मी हरखून गेले होते. नेहमीच्या वाटेनं न जाता लांबच्या वाटेनं शाळेत गेले, आणखी चार लोक भेटावेत म्हणून.

शाळेत गणिताच्या बाई भेटल्या. स्टाफरूममध्ये त्या डबा उघडून बसल्या होत्या. त्यांचा मुलगा त्याच कॉलेजात, त्यानं घरी जाऊन सगळं वर्णन केलेलं. "काय हो, तुमच्या भावानं मैदान गाजवलं म्हणे," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, हो ना. "गाजवणारच की. तुमच्यात ते रक्तातच असतं. शिकवावं लागत नाही."

अगदी प्रेमानं म्हणाल्या. पुढं लिंबाच्या लोणच्याची फोडसुद्धा माझ्या डब्यात ठेवली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "बाई, तुमच्या मुलाला गणितात पैकीच्या पैकी पडतात, ते पण रक्तातच का?" मला वाटलं, वर्मी बसेल. त्या खुलल्या. म्हणाल्या, "ते तर आहेच. आमचे सासरेसुद्धा गणिताचेच." आता बोला. मी डबा तसाच बंद केला आणि वर्गात जाऊन बसले. त्या दिवशी पोरांवर विनाकारण ओरडले.

रक्तात काय आहे ते आता सांगायलाच हवं. आमचं गाव ठाणाकुशनूरच्या अलीकडं. गावात हलगी वाजवणं आमच्या घराकडं होतं. हलगी म्हणजे हातात धरून काड्यांनी वाजवायचा कातड्याचा चपटा वाद्यप्रकार, हे पुस्तकात लिहिलेलं असतं. पुस्तकात हे लिहिलेलं नसतं की ती वाजवायला बोलावणं आलं की ताप असो, घरात मढं असो, जावंच लागतं. जत्रेत देवीची पालखी निघायची तेव्हा माझा आजा आणि अप्पा देवळाच्या पायऱ्यांखाली, चपलांच्या शेजारी उभं राहून वाजवायचे. आत जायचं नाही. नैवेद्य लांबून ओंजळीत पडायचा. बौद्ध झाल्यावर आमच्या घरानं गावकीची सगळी कामं सोडली. मेलेलं ढोर ओढायचं सोडलं तेव्हा गाव कुरकुरलं. हलगी सोडली तेव्हा मात्र गाव पेटलं, कारण हलगीशिवाय देवी उंबऱ्याबाहेर येत नाही अशी तिथली रीत. अप्पा तेव्हा ऐन तरुण. त्यांनी हलगी चुलीत घातली आणि त्यावर भाकरी भाजल्या. मग गावानं आम्हाला पिठाची गिरणी बंद केली, पाणी बंद केलं, मजुरी बंद केली. अप्पा आईला घेऊन बिदरला आले आणि विटा वाहायला लागले. गवंडी नंतर झाले.

आमच्या घरात ताटावर बोटं वाजवली तरी पाठीत धपाटा बसायचा. भावानं ड्रमची गोष्ट अप्पांना सांगितली तेव्हा मी दाराआड उभी होते, आता काही खरं नाही म्हणून. अप्पांनी विचारलं, "बसून वाजवत्यात का हुबं राहून?" भाऊ म्हणाला, बसून. "कुणी बोलिवलं तर जावंच लागतंय का?" भाऊ म्हणाला, नाही, आपली मर्जी. "मग वाजव," अप्पा म्हणाले आणि विडी पेटवली.

त्या गॅदरिंगनंतर आठवड्याभरात आमच्या गावचे तिघं घरी आले. पुढं पाटलाचा नातू. तोही त्याच कॉलेजात शिकत होता, मैदानात खुर्चीवर चढून ओरडणाऱ्यांत पहिला, अजून घसा बसलेला. भावाशेजारी जमिनीवर बसला. आमच्या घरचा चहा प्याला, बशीत ओतून, फुरका मारून. मी ते बघत होते, आणि आपण ते बघतोय याचाच मला राग येत होता.

"अण्णा, म्या तर येडाच झालो," तो म्हणाला. "करंट गेल्यावर तुमी जे सुरू केलंत नं, माझ्या अंगावर अजून काटा येतंय. गावात सांगिटलं तर कुणाला खरं वाटंना. आपल्याच गावचं पोर म्हणल्यावर समदे म्हणायलेत, बोलिवा त्याला. यंदाच्या जत्रेला या, अण्णा."

भाऊ म्हणाला, बाकीच्यांच्या परीक्षा आहेत. "तुमी एकलेच बास की. ड्रमासाठी टेंपो धाडतो."

अप्पा कोपऱ्यात होते. त्यांनी विचारलं, "कुठं बसविणार त्येला?"

"देवळाम्होरं, अप्पा. मंडप टाकतो की मोठा."

भावानं हो म्हटलं. तिघं गेल्यावर मी भावाला धरलं. म्हटलं, "तुला कळायलंय का कुठं जायलास ते? त्या देवळापुढं? कामून जायलास?"

"ताई, तू उगंच तापायलीस. ते फॅन हायेत माझे. त्या पोराला सगळी गाणी पाठ हायेत."

हेच तर. पोराला सगळी गाणी पाठ होती. खोटं त्याच्यात काही नव्हतं. भाऊ बिदरला जन्मलेला. चुलीतल्या हलगीची गोष्ट त्यानं शंभरदा ऐकलेली, पण इतिहासाच्या पुस्तकातली लढाई ऐकावी तशी. मला वाटलं, अप्पा त्याला अडवतील. अप्पा म्हणाले, "जाऊ दे. म्या बी येतो." ज्या गावात त्यांनी पुन्हा पाऊल टाकलं नव्हतं, त्या गावाला. मी दोघांवरही चिडले आणि अर्थातच बरोबर गेले.

जत्रा भरली होती. मंडप खरंच होता, माइकही होता. टेंपो देवळापासून जरा लांब उभा केला. भाऊ ड्रम उतरवायला लागला तर चार जाणते पुढं आले आणि म्हणाले, जरा दम धरा. म्हातारा पाटील पायरीवर बसलेला. तो म्हणाला, "पालखी निघू दे आदी. मग तुमचं विंग्रजी वाजवा लागंल तेवढं."

भाऊ म्हणाला, बरं, थांबतो.

"थांबतो कसा? तू वाजविल्याबिगर पालखी निघती व्हय?"

मग मला दिसलं. पायऱ्यांखाली, चपलांच्या शेजारी, तुराट्यांचा छोटा जाळ केला होता आणि एकजण त्यावर नवीकोरी हलगी शेकत होता, कातडं ताणावं म्हणून. आम्ही गाव सोडल्यापासून गावकरी बाहेरगावचे वाजवणारे आणायचे. यंदा त्यांना येऊ नका म्हणून सांगितलं होतं. पाटील सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मानाचं घर परत आलंय. देवीनंच आणलं." बायकांनी हात जोडले. एक म्हातारी माझ्या तोंडावरून हात फिरवायला पुढं आली आणि हात हवेतच ठेवून, मला न शिवता, बोटं मोडली.

मान म्हणे. चपलांच्या शेजारचा मान. माझ्या डोक्यात घण पडायला लागले. मी पाटलाच्या नातवाकडं पाहिलं. म्हटलं, आता तरी याला लाज वाटेल. त्याला काही कळलेलंच नव्हतं. त्याचा चेहरा त्या दिवशी मैदानात होता तसाच उजळलेला. तो भावाला म्हणाला, "अण्णा, तसंच होऊ द्या, करंट गेल्यावर केलंत तसं." या पोराला झोडपावं की याच्यापुढं रडावं, मला कळेना. त्याच्या मनात काळं काही नव्हतं. आणि तरी तो माझ्या भावाला नेमका त्याच जागेवर घेऊन आला होता, जिथून अप्पा पळून गेले होते. काळं मन असतं तर निदान भांडता आलं असतं.

भावानं हलगी घेतली. का घेतली, मी त्याला नंतर कितीदा विचारलं. म्हणायचा, कातडं दिसलं की हात जातो, ताई, आणि सगळे बघत होते. मी पुढं झाले ती हिसकावून घ्यायला. अप्पांनी माझं मनगट धरलं. गवंड्याचा हात, सुटतो थोडाच. "थांब," म्हणाले.

सगळी जत्रा भोवती दाटली. भावानं हलगी आधी पोटाशी धरली, मग मांडीवर टेकवली, मग पुन्हा उचलली. एक जाड टिपरू असतं आणि एक लांब बारीक काडी, ती डाव्या हाताच्या बोटांत धरायची असते. त्याला ते ठाऊक नव्हतं. त्यानं दोन्ही काड्या उजव्या हातात घेतल्या, मग एक बगलेत धरली. वाजवली. भिजलेल्या पोत्यावर काठी मारावी तसा आवाज आला. त्यानं ड्रमवरचा ठेका धरून पाहिला. काडी हातातून उडाली आणि चपलांत जाऊन पडली. पोरं फिदीफिदी हसायला लागली. पाटील म्हणाला, "आरं, आसं न्हवं. मनगट सोड, मनगट." भावाचे कान लाल झाले. तो घामाघूम होऊन वाजवत होता आणि काहीच वाजत नव्हतं. हजार माणसांचं मैदान ज्यानं एकट्यानं पेललं, त्याला त्या चपट्या कड्यातून एक धड आवाज काढता येईना.

"ह्येला येईनाच की," कुणीतरी म्हणालं. पाटलाच्या नातवानं मान खाली घातली. त्याला भावाची लाज वाटत होती. बघा म्हणजे, लाज कुठं जाऊन वाटली. म्हाताऱ्या पाटलानं मग गर्दीत शोधलं आणि त्याला अप्पा दिसले. "तू तर हायेस की," तो म्हणाला. "तुझा हात कसा इसरंल? घे. देवी खोळंबलीया."

अप्पांनी माझं मनगट सोडलं. ते चालत पुढं गेले. भावाच्या हातातून हलगी घेतली. त्यांनी ती घेतली तेव्हा आपोआप बरोब्बर घेतली, डाव्या खांद्याशी, बोटं जिथल्या तिथं. जत्रेतून एक हुंकार उठला. अप्पांनी ती वाजवली नाही. वाकून जिथून आली तिथं, जाळाशेजारी, जमिनीवर ठेवली. भावाच्या पाठीवरून हात फिरवला. आमच्या घरात पाठीवरून हात फिरवायची पद्धत नव्हती.

"वाजव की," पाटील म्हणाला. "पोराला येईना, तुला तर येतंय."

"त्येला येत न्हाई," अप्पा म्हणाले. मी त्यांचा असा आवाज कधी ऐकला नव्हता. भाऊ फर्स्ट क्लासात पास झाला तेव्हासुद्धा नाही. ते जत्रेकडं वळले आणि लांबच्यालाही ऐकू जाईल असं पुन्हा म्हणाले, "समद्यांनी बगितलं नव्हं? माझ्या पोराला हलगी वाजवता येत न्हाई. त्येच्यासाठी माझी जिंदगी गेली."